‘बसून’ वाजवणारी लिंडसे

आज मी तुम्हाला एका वाजवणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. तिच्या वाद्याचं नाव ऐकून तुम्ही हसाल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. त्या वाद्याचं नाव आहे ‘बसून’. आपण बसून भाजी निवडतो, बसून शेंगा फोडतो, त्यातलं बसून नव्हे हं! युरोपातल्या वाद्यवृंदात असतं ते हे लाकडी, फुंकून वाजवायचं वाद्य. नाव बसून असलं तरी ते वाजवणारी ही बाई आयुष्यात फारशी बसून राहिली नाही. तिचं नाव लिंडसे कूपर. ३ मार्च १९५१ रोजी लंडनमध्ये तिचा जन्म झाला आणि १८ सप्टेंबर २०१३ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी, ती गेली.

तुम्ही म्हणाल, लंडनच्या बाईचं आपल्याला काय? आपल्या रेडिओवर एरवी शेळीपालन, बँकेचं कर्ज, अंगणवाडी असे कामाचे विषय असतात. खरं आहे. मी बचत गटांचं समन्वयाचं काम करते. बी.ए.ला इतिहास होता म्हणून जुनं काही वाचायची सवय लागली, एवढंच. संगीतातलं मला फार कळत नाही. पण लिंडसेची गोष्ट वाचताना मला आपल्याच एका गटाची सभा आठवली, आणि त्या सभेत माझ्या हातून झालेली एक चूक आठवली. ती चूक शेवटी सांगते. आधी तिची गोष्ट ऐका.

आपल्याकडे लग्नात सनई वाजते. सनईच्या तोंडाशी गवताच्या दोन पातळ पात्यांची जीभ असते. फुंकर मारली की त्या पात्या थरथरतात आणि सूर निघतो. बसूनचंही तसंच. फरक एवढाच, की सनई हातभर लांबीची आणि बसूनची नळी सरळ केली तर अडीच मीटरच्या आसपास भरेल. एवढी नळी हातात धरणार कशी? म्हणून ती दुमडून दुहेरी केलेली असते, तरी वाद्य सव्वा मीटरहून उंच होतं. आवाज जाड, घुमणारा, खालच्या पट्टीतला. वाद्यवृंदात व्हायोलिनवाले पुढे बसतात, बसूनवाले मागे. ऐकणाऱ्याच्या कानात पुढचा सूर भरतो. मागचा आवाज कोणाचा, हे सहसा कोणी विचारत नाही. पण तो काढून घेतला तर सगळं संगीत पोकळ वाटू लागतं. घरातल्या कामासारखंच आहे ते. केलेलं दिसत नाही, पण एक दिवस न केलेलं लगेच दिसतं.

लिंडसे लहानपणी आधी पियानो शिकली आणि मग बसूनकडे वळली. हात इतका चांगला बसला की ब्रिटनच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. पुढे ती ओबो वाजवू लागली. ओबो म्हणजे सनईची युरोपातली बहीणच म्हणा. सॅक्सोफोन आणि बासरीही वाजवू लागली. तिच्यापुढे एक सरळ वाट होती. मोठ्या वाद्यवृंदात नोकरी धरायची, समोर ठेवलेल्या कागदावर जे लिहिलं असेल ते वाजवायचं, उभा राहून हात हलवणारा संचालक सांगेल तेव्हा सुरू करायचं आणि सांगेल तेव्हा थांबायचं. ही वाट काही वाईट नव्हे. पण लिंडसेला स्वतः संगीत रचायचं होतं, आणि आयत्या वेळी, समोरच्याचं ऐकत ऐकत जे सुचतं तेही वाजवायचं होतं.

आयत्या वेळी वाजवायचं म्हणजे काय, हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. पुढे कागद नसायचा. एकीने ओळ टाकली की दुसरी ती झेलायची आणि पुढे न्यायची. कधी माहेरची आठवण, कधी सासूचा राग, कधी पांडुरंग. पण मनाला येईल ते बोललं आणि झालं, असं नव्हतं. जात्याची लय सोडून चालत नसे. समोरचीने काय म्हटलं ते ऐकावं लागे. कधी ओळ टाकायची आणि कधी गप्प राहून नुसतं जातं ओढायचं, हे कळावं लागे. लिंडसेच्या संगीतातही अवघड गोष्ट हीच होती. त्याचे सूर आपल्या कानाला विचित्र वाटतील, गाण्यासारखं गुणगुणता येणार नाही. पण त्याच्या मुळाशी दुसऱ्याचं ऐकणं आहे.

१९७४मध्ये लिंडसे एका वेगळ्याच गटात गेली. गटाचं नाव हेन्री काऊ. केंब्रिज विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो १९६८मध्ये सुरू केला होता. गिटार, ड्रम, ऑर्गन अशी वाद्यं असलेल्या त्या गटात ही बाई आपलं मागच्या रांगेतलं बसून घेऊन गेली. या गटात मालक कोणी नव्हता. कुठे कार्यक्रम करायचा, पैसे कसे वापरायचे, संगीत कसं असावं, हे सगळं ते सभा घेऊन ठरवत. सभेतलं बोलणं वहीत नोंदवत. ऐकून गंमत वाटते ना? आपण महिन्याला सभा घेतो आणि इतिवृत्त लिहितो, तसंच. आणि आपल्या सभांसारखीच त्यांच्यातही भांडणं व्हायची, कोणी रुसायचं, कोणी सोडून जायचं. गाडीत सामान घालून ते युरोपभर फिरत. १९७६ नंतर काही काळ तर गटात तीन बायका आणि तीन पुरुष होते. त्या काळात अशा वाजवणाऱ्या गटात बाई असलीच तर गायला असायची. वाद्य वाजवणाऱ्या आणि संगीत रचणाऱ्या बायका फार थोड्या होत्या.

हेन्री काऊ १९७८मध्ये संपला. त्यांची शेवटची तबकडी १९७९मध्ये आली. तिच्या एका बाजूचं संगीत मुख्यतः लिंडसेने रचलेलं आहे. त्यातल्या एका रचनेच्या नावाचा अर्थ होतो ‘अर्धं आकाश’. बायका अर्धं आकाश पेलून धरतात, हे चीनमधलं वाक्य तेव्हा जगभर गाजत होतं. त्याची आठवण त्या नावात आहे.

पण लिंडसेच्या आयुष्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पान याच्या थोडं आधीचं, १९७७ सालचं आहे. मॅगी निकल्स नावाची गायिका आणि लिंडसे वादकांच्या युनियनमुळे एकमेकींना भेटल्या. दोघींचं एकच म्हणणं होतं. आयत्या वेळी रचून वाजवणाऱ्या मंडळींत सगळे पुरुषच का? हे लोक स्वतःला मोठे मोकळ्या विचारांचे म्हणवतात. मग या मोकळेपणात बायका कुठे आहेत? दोघींनी मिळून बायकांचाच एक गट उभा केला. जॉर्जिना बॉर्न चेलो आणि बास वाजवायची, कोरीन लिएनसॉल ट्रम्पेट वाजवायची, कॅथी विल्यम्स होती. पुढे स्वित्झर्लंडची नावाजलेली पियानोवादक इरेन श्वायझर आली, सॅली पॉटर आली. बायकांनी आपल्या गटाचं साधं नाव ठेवलं होतं, बायकांचा गट म्हणून. पण कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी जाहिरातीत ‘फेमिनिस्ट’, म्हणजे स्त्रीवादी, असं छापून टाकलं. झालं! बायका म्हणाल्या, छापलं आहे तर तेच नाव राहू द्या. ऑक्टोबर १९७७मध्ये लंडनला या स्त्रीवादी गटाचा पहिला कार्यक्रम झाला.

त्या रंगमंचावर काय केलं असेल सांगा? वाद्यं तर वाजवलीच. पण त्याबरोबर झाडू आले, घरातल्या वस्तू आल्या, कांदे सोलणं आलं. बाईच्या दिवसभरात जे जे असतं, ते सगळं त्यांनी रंगमंचावर आणलं आणि त्याचंच संगीत केलं, त्याचीच थट्टाही केली. या गटात लिंडसेसारख्या पक्क्या शिकलेल्या बायका होत्या, आणि फारसं शिक्षण न झालेल्याही होत्या. जी जे वाजवू शकते ते तिने वाजवायचं, आणि बाकीच्यांनी ते मनापासून ऐकायचं. हे काही पुरुष वादकांना रुचलं नाही. यांना वाजवताच येत नाही, असं ते म्हणाले. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. आपल्या गटाने पहिल्यांदा रेशन दुकान चालवायला मागितलं होतं, तेव्हा ‘बायांना हिशेब जमेल का’ असं पारावर कोण कोण म्हणालं होतं, ते आठवा.

यानंतर लिंडसेकडे एक काम आलं. १९७९मध्ये ब्रिटनमध्ये एक चित्रपट तयार झाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘सदऱ्याचं गाणं’. स्यू क्लेटन आणि जॉनथन कर्लिंग यांनी तो केला आणि त्याचं संगीत लिंडसेने दिलं. चित्रपटाचा विषय होता १८४०च्या सुमाराला लंडनमध्ये शिवणकाम करणाऱ्या बायका. आता हा इतिहास थोडा नीट सांगते, कारण आपल्यातल्या किती तरी जणींच्या घरी शिलाई मशीन आहे.

त्या काळात शिलाई मशीन घरोघर पोचलं नव्हतं. हाताने, सुईने शिवायचं. व्यापारी कापड कापून बायकांना घरी द्यायचे आणि नगावर पैसे द्यायचे. एका सदऱ्याचे इतके पेनी, एका विजारीचे इतके. दोरा बाईने स्वतःच्या पैशाने आणायचा. रात्री शिवायला मेणबत्ती लागते, तीही तिचीच. सोळा-सोळा तास शिवूनही पोटापुरते पैसे सुटत नसत. १८४३मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागातली बिडेल नावाची एक विधवा पकडली गेली. मुलांच्या तोंडात घालायला काही नव्हतं, म्हणून तिने शिवायला आणलेले कपडेच गहाण ठेवले होते. कपडे घरी नेण्यासाठी तिला व्यापाऱ्याकडे आधी दोन पौंडांची हमी द्यावी लागली होती, आणि आठवडाभर मरमर शिवून फार तर सात शिलिंग हातात पडत. एका पौंडात वीस शिलिंग असत. म्हणजे हमीची रक्कम पाच-सहा आठवड्यांच्या कमाईएवढी झाली. ही बातमी ऐकून टॉमस हूड नावाच्या कवीने त्या बायकांवर एक कविता लिहिली. डिसेंबर १८४३मध्ये ती ‘पंच’ या साप्ताहिकात छापून आली आणि घरोघर पोचली. लोक हळहळले. काही वर्षांनी हेन्री मेह्यू या पत्रकाराने स्वतः या बायकांच्या खोल्यांवर जाऊन त्यांची मिळकत किती, खर्च किती, हे विचारून वर्तमानपत्रात लिहिलं. तेव्हा हा सगळा हिशेब लोकांसमोर उघडा पडला.

लिंडसेने या बायकांसाठी संगीत रचलं, आणि त्यात आपलं बसून पुढे आणलं. जुन्या काळच्या गाण्यांचा बाज घेतला आणि तो आजच्या धारदार सुरांशी जोडला. पुढे याच संगीतातून ‘रॅग्ज’ नावाची तिची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. रॅग्ज म्हणजे चिंध्या. शिवण झाल्यावर खाली पडलेल्या चिंध्यांचं नाव तिने आपल्या पहिल्या तबकडीला दिलं. मला वाटतं, बसून वाजवणाऱ्या बाईलाच हे सुचावं. मागे बसून सगळ्यांचा सूर धरून ठेवणारीला मागे बसून शिवणाऱ्या बाईचं दुःख ओळखीचं वाटलं असणार.

त्यानंतर १९८३ साली सॅली पॉटर या तिच्या मैत्रिणीने ‘द गोल्ड डिगर्स’ हा चित्रपट केला. लिंडसे त्याच्या पटकथेत होती आणि संगीत तिचंच होतं. हा चित्रपट तयार करणाऱ्या झाडून सगळ्या बायका होत्या. कॅमेरा धरणारी बाई, दिवे लावणारी बाई, आवाज टिपणारी बाई. त्यात मुख्य काम ज्युली क्रिस्टी या मोठ्या नटीने केलं. तिचा जन्म आपल्या आसामातल्या चहाच्या मळ्यावरचा, आणि तिला त्याआधीच ऑस्कर मिळालेलं होतं. पण पैसे किती घेतले? दिवसाला ३० पौंड. दिवे लावणारीलाही तितकेच आणि ऑस्करवालीलाही तितकेच. सगळ्या जणींना एकच मजुरी. आपण पापड-मसाल्याच्या कामात ‘हिचे किती, तिचे किती’ यावरून किती तास घालवतो, ते मला माहीत आहे. म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

लिंडसेचं सगळ्यात गाजलेलं काम त्यानंतरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपचे दोन तुकडे झाले होते. एकीकडे अमेरिकेच्या बाजूचे देश, दुसरीकडे सोव्हिएत संघाच्या बाजूचे. मध्ये काटेरी तारा आणि बर्लिन शहरात तर चक्क भिंत. दोन्हीकडे अणुबाँब तयार. या फाटलेल्या युरोपावर लिंडसेने एक गाण्यांची माळ रचली. नाव ‘ओ मॉस्को’. शब्द सॅली पॉटरचे. १९८७मध्ये झुरिच शहरात ती पहिल्यांदा सादर झाली. मग युरोपात, अमेरिकेत, आणि ज्या मॉस्कोचं नाव त्यात आहे त्या सोव्हिएत संघातही सादर झाली. ऑक्टोबर १९८९मध्ये कॅनडातल्या एका महोत्सवात तिचं ध्वनिमुद्रण झालं, आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनची भिंत पडली. ज्या भिंतीवर ती गाणी रचली होती, ती भिंतच राहिली नाही. पुढे १९९१मध्ये आखातात युद्ध झालं, त्यावरही तिने ‘सहारा डस्ट’ नावाची मोठी रचना केली. बसून आणि मोठा वाद्यवृंद यांच्यासाठी रचना केली. ज्या वाद्याला वाद्यवृंदात मागे बसवतात, त्याला तिने सगळ्या वाद्यवृंदाच्या पुढे उभं केलं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून तुम्हाला वाटेल, वा, किती धडधाकट बाई! मलाही तसंच वाटलं होतं. पण एक गोष्ट मी अजून तुम्हाला सांगितलेली नाही. कारण लिंडसेनेही ती कोणाला सांगितली नव्हती.

हेन्री काऊ गटात असतानाच, १९७०च्या दशकाच्या शेवटी, डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की तुला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजाराला मराठीत सोपं नाव नाही, म्हणून समजावून सांगते. विजेच्या तारेवर जसं रबराचं वेष्टण असतं, तसं आपल्या नसांवरही एक वेष्टण असतं. आपल्या शरीराची आजाराशी लढणारी जी शक्ती, ती चुकून त्या वेष्टणावरच हल्ला करते. मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. बोटं बधिर होतात, तोल जातो, डोळ्यांपुढे अंधारतं, न करताच थकवा येतो. पुष्कळांमध्ये आजार येतो, जातो, पुन्हा येतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये याचं प्रमाण दुपटीहून जास्त आहे. पूर्ण बरं करणारं औषध आजही नाही. आजाराचा जोर कमी करणारी औषधं आहेत, पण तीसुद्धा १९९०नंतर आली. लिंडसेला आजार कळला तेव्हा तीही नव्हती.

आता विचार करा. बसून वाजवायला दहाही बोटं लागतात. एकट्या डाव्या अंगठ्याच्या वाट्याला आठ-नऊ चाव्या येतात. फुंकायला छातीत दम लागतो. आणि बोटं कधी बधिर होतील, पाय कधी साथ सोडतील, याचा नेम नाही, हे त्या बाईला माहीत होतं. जवळपास वीस वर्षं तिने हे संगीतातल्या मंडळींना कळू दिलं नाही. ‘सदऱ्याचं गाणं’ याच वीस वर्षांतलं. ‘द गोल्ड डिगर्स’ याच वीस वर्षांतला. ‘ओ मॉस्को’ घेऊन देशोदेशी फिरली, ती याच वीस वर्षांत. १९९०च्या दशकाच्या शेवटी कार्यक्रम करणं अशक्यच झालं, तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर पंधरा-एक वर्षं ती आजाराशी झगडत जगली.

का लपवलं असेल? आपल्याला हे फार शोधावं लागत नाही. वाजवून पोट भरणाऱ्याला पगार नसतो, रजा नसते. पुढच्या महिन्यात बोलावलं तर काम, नाही बोलावलं तर घरी. ‘ती आजारी आहे’ एवढं एकदा लोकांच्या तोंडी झालं की बोलावणारे विचार करतात. जमेल का तिला? आयत्या वेळी पडली तर? त्यापेक्षा दुसरीला बोलवा. तोंडाने कोणी वाईट बोलत नाही, कळवळाच दाखवतात, पण काम जातं. नगावर पैसे घेणाऱ्या त्या १८४३च्या शिवणाऱ्या बायकांनी बोट दुखतं म्हणून कोणाला सांगितलं असतं? आणि आपल्यातली कोण सांगते?

आता माझी चूक सांगते.

माझ्याकडच्या एका गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगते आहे. साक्षरता वर्गात त्या सही करायला शिकल्या, तेव्हा आम्ही गटात पेढे वाटले होते. पुढे सात-आठ वर्षं त्या रजिस्टरवर ठसठशीत सही करायच्या. मग एका सभेत त्यांनी शाईचा पॅड ओढला आणि अंगठा लावला. म्हणाल्या, चष्मा विसरले. पुढच्या सभेलाही अंगठाच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “ताई, सही येते ना? मग अंगठा कशाला? आपण मागे चाललोय की पुढे?” बायका हसल्या. ताईही हसल्या. त्यानंतरच्या तीन सभांना त्या आल्याच नाहीत. नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड दर सभेला दहा रुपये. तो दंड माझ्या हाताने मी वहीत लिहिला. तीस रुपये.

त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. रात्री मुंग्या येऊन झोप लागत नव्हती. पेन धरता येत नव्हतं. शिलाई मशीनसाठी त्यांचा कर्जाचा अर्ज गटात पडलेला होता, आणि त्यांना वाटलं, हात चालत नाही हे कळलं तर या बायका मला कर्ज देतील का? म्हणून आधी चष्म्याचं कारण सांगितलं आणि नंतर लग्नाचं, पाहुण्यांचं. त्यांच्या मुलीने मला सांगितलं तेव्हा चार महिने गेले होते. तालुक्याला नेलं. मनगटात नस दाबली गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षानुवर्षं धारा काढणं, पापड लाटणं, कपडे पिळणं. वेळेवर आलात तर पट्ट्यावर भागलं असतं, म्हणाले. शेवटी छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. आता हात बरा आहे, पण बोटांच्या टोकांना पूर्वीसारखं जाणवत नाही. सुईत दोरा ओवायला अजून नातीला हाक मारतात.

मी पंचसूत्री तोंडपाठ शिकवते. नियमित सभा, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, हिशेबाच्या वह्या. वह्या आमच्या चोख होत्या. तीस रुपयांचा दंडसुद्धा बरोबर लिहिलेला होता. पण एक बाई अचानक सही सोडून अंगठ्यावर येते, याचा अर्थ काय, हे वही लिहिणाऱ्या बाईला कळलं नाही. लिंडसेच्या गटातल्या बायका आयुष्यभर ज्याचा सराव करत होत्या, ते ऐकणं मला जमलं नव्हतं. आणि हेही खरं, की ऐकण्यात तरबेज असलेल्या त्या मंडळींतही लिंडसेला वीस वर्षं गप्प राहावंसं वाटलं. म्हणजे नुसता कान चांगला असून भागत नाही. सांगितलं तर माझं काम जाणार नाही, कर्ज जाणार नाही, जागा जाणार नाही, ही खात्री तिला आधी मिळायला हवी.

म्हणून आमच्या गटाने दोन ठराव केले. एक, आजारपणामुळे सभा चुकली तर दंड नाही, आणि आजार कोणता हे सभेत सांगायची सक्ती नाही. अध्यक्ष किंवा सचिव यांच्यापैकी एकीच्या कानावर घातलं की पुरे. दोन, आजारी आहे एवढ्या कारणावर कोणाचाही कर्जाचा अर्ज मागे ठेवायचा नाही. परतफेडीचे हप्ते लहान करून द्यायचे. ठराव करायला एक सभा लागली. काही जणी म्हणाल्या, उद्या सगळ्याच आजारी पडतील. पडल्या नाहीत. पण ठराव झाल्यावर दोन महिन्यांत तीन बायकांनी आपली दुखणी सांगितली. त्यातलं एक अंगावरून पांढरं जाण्याचं होतं. ते दोन वर्षं कोणाला सांगितलेलं नव्हतं. ताईंचे तीस रुपये आम्ही परत केले. त्यांनी ते घेतले आणि आजारपणाच्या डब्यात टाकले.

लिंडसेच्या गोष्टीचा शेवट राहिला. हेन्री काऊ गट १९७८मध्ये मोडला, तो पुन्हा कधी एकत्र आला नव्हता. ती मंडळी वेगवेगळ्या वाटांनी गेली, म्हातारी झाली. लिंडसे गेल्यावर पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१४मध्ये, ती ३६ वर्षांनी पुन्हा एकत्र आली. फक्त तिच्यासाठी. तिच्याबरोबर वाजवलेले इतर गटही आले. लंडनमध्ये आणि इटलीत त्यांनी तिच्या रचना वाजवल्या. ज्या सभांमध्ये ती एके काळी त्यांच्याबरोबर बसली होती, भांडली होती, त्या सभांतली माणसं तिच्यासाठी पुन्हा एका रंगमंचावर आली. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मनात आलं, हे सगळं किती छान. पण आपल्या ताईंसाठी आपण जमायचं ते त्या असतानाच जमू या.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सभेत वही उघडण्याआधी एकदा गोल नजर फिरवा. मागे भिंतीला टेकून कोण बसली आहे? सही कोणाची बदलली आहे? नेहमी बोलणारी आज गप्प का आहे? विचारायचं ते सगळ्यांसमोर नको. सभा संपल्यावर, चपला घालताना, हळूच विचारा.